गावची ॲम्ब्युलन्स : मंगळवारी दुपारी गाडीवर कोण असणार?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. सात वाड्या, सहाशेच्या आसपास घरं. ग्रामीण रुग्णालय २६ किलोमीटरवर, वाटेत घाट. १०८ ची गाडी तालुक्याच्या ठिकाणी उभी असते, तिथून वाडीत पोचायला पाऊण तास जातो. आमच्या मुंबई मंडळाने (सभासद ४००) गावाला ॲम्ब्युलन्स द्यायचं ठरवलं आहे. गाडीचे पैसे जमलेत, पण चालवायची कुणी यावरून दोन तट पडलेत. सरपंच म्हणतात, पगारी ड्रायव्हर नेमा. गावातल्या १४ पोरांनी मात्र फुकट काम करायला नावं दिली आहेत. त्यांचं म्हणणं, ‘माणूस वाचवायचे पैसे कसले घ्यायचे?’ काय करावं?
– मंडळाचे चिटणीस

उत्तर : चिटणीस, नमस्कार.

गाडीचं स्टिअरिंग पगारी माणसाच्या हाती द्या. तुमची चौदा पोरं गाडीच्या ड्युटीला जुंपू नका, त्यांना त्यांच्या वाडीतच तयार ठेवा. त्यांची खरी गरज तिथे आहे. कारण आधी हिशेबाने सांगतो.

आठवड्याचे तास १६८. आठ-आठ तासांच्या पाळ्या लावल्या तर २१ होतात. ॲम्ब्युलन्सवर दोन माणसं हवीत, एक चालवायला आणि एक मागे रुग्णाजवळ. म्हणजे ४२ जागा भरायच्या. १४ जणांत वाटल्या तर प्रत्येकाला आठवड्याला तीन पाळ्या, म्हणजे २४ तास, तेही आपली नोकरी, शेती, बागायत सांभाळून आणि कुणी आजारी पडत नाही असं धरून. रात्रीच्या आणि रविवारच्या पाळ्या कशाबशा भरतात. अडतं ते आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. कुणी एमआयडीसीत, कुणी कॉलेजात, कुणी रिक्षा घेऊन स्टँडवर. मंगळवारी दुपारी दोनला आजोबा अंगणात कोसळले की चौदापैकी गावात किती सापडतील, हे नावांसमोर लिहून पाहा. लायसन्स कुणाकडे आहे तेही लिहा. यादी निम्म्याहून खाली येईल.

कोकणात याहून मोठी अडचण हंगामाची. जुलैत लावणी असते तेव्हा प्रत्येक हात शेतात असतो आणि फुरसं, घोणस, मण्यार चावण्याचा काळही तोच. एप्रिल-मेमध्ये आंबा काढायला सगळे बागेत, आणि झाडावरून पडून कंबर-मान मोडण्याचे प्रसंगही त्याच दिवसांतले. गणपतीत आणि शिमग्याला गाव भरलेलं असतं, स्वयंसेवकांची वाण नसते. पण तो महिना सरला की निम्मी पोरं कोकणकन्येने परत जातात. स्वयंसेवकांची यादी नेहमी भरल्या गावात बनते आणि चालवावी लागते रित्या गावात.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेच्या ग्रामीण भागात कित्येक दशकं ॲम्ब्युलन्स स्वयंसेवकांनीच चालवल्या. गावातली तरुण माणसं कमी झाली, प्रशिक्षणाचे तास वाढले, नोकऱ्या दूर गेल्या, आणि दिवसाच्या पाळ्या रिकाम्या राहू लागल्या. आयोवा राज्याने २०२१ मध्ये कायदा करून काउंटींना (तिथल्या जिल्ह्यांना) ही सेवा ‘अत्यावश्यक’ ठरवण्याची आणि ६० टक्के मतदारांनी कौल दिला तर तिच्यासाठी कर लावण्याची मुभा दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियात छोट्या गावांमधल्या सेंट जॉन या ॲम्ब्युलन्स संस्थेच्या गाड्यांवर आजही मुख्यतः स्वयंसेवक असतात, पण त्यांना शिकवायला आणि त्यांच्या पाठीशी उभे राहायला पगारी पॅरामेडिक नेमलेले असतात. निव्वळ सदिच्छेवर चोवीस तासांची सेवा फार काळ टिकलेली दिसत नाही. त्यात पोरांची निष्ठा कमी पडते असं कुणी समजू नये.

आता पगारी बाजू. बारा तासांच्या ड्युटीने आठवड्याला १४ पाळ्या होतात. तीन ड्रायव्हर ठेवलेत तर प्रत्येकाचे ५६ तास होतात आणि रजेला जागाच उरत नाही. चार ठेवलेत तर ४२ तास, रजा-आजारपण त्यात बसतं. रात्री गाडीशेजारच्या खोलीत झोपायची सोय करा, पण घरी झोपून ‘फोन आला की येतो’ हे चालू देऊ नका. घरून उठून गाडीपर्यंत यायला लागणारी पंधरा मिनिटंच आपल्याला वाचवायची आहेत.

महिना १५ हजार धरला तर चौघांचे ६० हजार. एका फेरीला वाडीपासून रुग्णालय आणि परत असे साधारण ६० किलोमीटर, लिटरला १२ च्या हिशेबाने पाच लिटर डिझेल. विमा, टायर, सर्व्हिसिंग, ऑक्सिजन भरणं वेगळं. आणि जमा? सहाशे घरांनी महिना ५० रुपये दिले तर ३० हजार, मंडळाच्या ४०० सभासदांनी १०० दिले तर ४० हजार. कागदावर ७०. प्रत्यक्षात सत्तर टक्के वसुली झाली तरी पुष्कळ, म्हणजे ४९ हजार. यात पगारच बसत नाहीत.

म्हणून ही गाडी एकट्या गावासाठी घेऊ नका. शेजारच्या दोन ग्रामपंचायतींना सोबत घ्या. घरं १,८०० धरली तर ९० हजार, मंडळाचे ४०, आणि सत्तर टक्के वसुलीने ९१ हजार. पगार जाऊन ३१ हजार उरतात, त्यात बाकीचा खर्च निघतो आणि दरमहा पाच हजार बाजूला टाकता येतात. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण कागदावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका. वसुली महिन्याला करत बसू नका. चाकरमानी गणपतीला आले की वर्षाची पावती एकदाच फाडा. सरपंचांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवा : पंधराव्या वित्त आयोगाच्या (मुदत मार्च २०२६ पर्यंत) अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, निधीतून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. ‘पंचायत बघून घेईल’ या भरवशावर माणसं नेमाल तर तिसऱ्या महिन्याला पगार थकेल.

थकलेल्या किंवा तुटपुंज्या पगाराचा एक दुष्परिणाम फारसा बोलला जात नाही. रुग्ण अमुक खासगी दवाखान्यात नेला की ड्रायव्हरला पाकीट मिळतं. पगार वेळेवर द्या आणि नेमणूकपत्रात स्पष्ट लिहा की कुठल्याही दवाखान्याकडून पैसे घेतल्यास त्या दिवशी काम संपलं. रुग्ण कुठे न्यायचा हे ड्रायव्हरने ठरवायचंच नाही. त्याचा तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करून घ्या आणि गाडीत डकवा : सर्पदंशाला जवळचं कुठलं केंद्र, जिथे लस आणि डॉक्टर दोन्ही आहेत, अडलेल्या बाळंतिणीला सिझेरियन आणि रक्ताची सोय कुठे, डोक्याला मार किंवा पक्षाघात असेल तर सीटी स्कॅन कुठे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला एक तास चुकीच्या दवाखान्याच्या दारात घालवणं परवडत नाही.

आता तुमची पोरं. गाडी कितीही जवळ ठेवलीत तरी शेवटच्या वाडीला पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागणार. हृदय बंद पडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता, छाती दाबली नाही तर, दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. ही मिनिटं पगारी माणूस कुठूनही भरून काढू शकत नाही. ती शेजारच्या घरातला माणूसच भरून काढू शकतो.

प्रत्येक वाडीत किमान दोन जण हवेत. तुमच्या यादीत सगळी पोरंच दिसतात, त्यात निम्म्या बायका घ्या. मध्यरात्री बाळंतीण अडली किंवा घरात एकटी म्हातारी पडली तर दाराशी बाईमाणूस असणं फार मोलाचं असतं, शिवाय दिवसा गावात त्याच जास्त असतात. मात्र हे ओझं आशाताईंवर टाकू नका, त्यांच्याकडे आधीच पुरेसं काम आहे.

प्रशिक्षण रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या जिल्हा शाखेकडून घ्या. आरोग्य केंद्राचे डॉक्टरही बहुधा आनंदाने येतात. छाती दाबायची ती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांनंतर दोन श्वास. श्वास देता येत नसेल तर नुसते दाब. हे एकदा शिकून भागत नाही. तीन ते सहा महिन्यांत हात विसरतो आणि दाब उथळ होतात. म्हणून महिन्यातून एक तास सराव, मंडळाच्या खर्चाने घेतलेल्या पुतळ्यावर. दोन मिनिटांनी माणूस बदलायचा हे सरावातच अंगवळणी पाडा, कारण दमलेल्या माणसाला आपण उथळ दाबतोय हे कळत नाही.

तुमच्या भागात उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी नीट घोटून घ्या. पहिली सर्पदंश. चावलेला हात-पाय फळी लावून स्थिर करायचा, बांगड्या, अंगठ्या, पैंजण लगेच काढायचे. करकचून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, चालवायचं तर अजिबात नाही. सूज जिथवर आली तिथे पेनने रेघ मारून शेजारी वेळ लिहायची. रुग्णाला बोलतं ठेवायचं. पापण्या जड झाल्या, बोलणं नाकात येऊ लागलं किंवा थुंकी गिळता येईना, तर ते श्वास थांबण्याच्या आधीचं लक्षण आहे. हे शब्द फोनवर डॉक्टरांना जसेच्या तसे सांगायचे. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, शोधण्यात वेळ तर मुळीच घालवू नये.

दुसरी गोष्ट झाडावरून पडणं. पडलेल्याला लोक प्रेमाने बगलेत हात घालून उठवून बसवतात आणि पाणी पाजतात. मणका मोडलेला असेल तर त्या एका उचलण्याने पाय कायमचे जाऊ शकतात. स्वयंसेवकाचं पहिलं काम भोवतीच्या माणसांना थांबवण्याचं. एकाने दोन्ही हातांनी डोकं शरीराच्या रेषेत धरायचं, तिघांनी खांदा, कंबर, पाय धरून एका शब्दावर ओंडक्यासारखं कुशीवर वळवायचं, पाठीमागून फळी सरकवायची. डोकं धरणाराच ‘एक, दोन, वळवा’ म्हणेल, दुसरं कुणी नाही.

प्रत्येक वाडीत एक पिशवी : हातमोजे, दहा आणि पंधरा सेंटिमीटरच्या क्रेप पट्ट्या, निर्जंतुक गॉज, त्रिकोणी पट्ट्या, गादी लावलेल्या दोन फळ्या, झडपेचा श्वास-मास्क, कपडे कापायची कात्री, पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं डिजिटल यंत्र, ओआरएसची पाकिटं, घोंगडी, डोक्याला लावायची बॅटरी, पेन आणि वही. इंजेक्शनं, सलाईन, गोळ्या ठेवू नका. वाडीपर्यंत गाडी जात नसेल तर घडीची स्ट्रेचर आणि उचलायला सहा ते आठ जण. उतारावर पाय पुढे, चढावर डोकं पुढे.

गाडी आली की रुग्णाजवळ बसलेला तोच स्वयंसेवक मागे चढेल. यामुळे दुसऱ्या सीटचा चार माणसांचा पगार वाचतो आणि रुग्णाला पहिल्या मिनिटापासून एकच ओळखीचा चेहरा सोबत राहतो. नियम कडक ठेवा : मागे शिकलेला माणूस बसल्याशिवाय गाडी हलणार नाही. घाबरलेला नातेवाईक मागे आणि ड्रायव्हर पुढे, अशा प्रवासात बेशुद्ध माणसाला उलटी होते आणि ती श्वासनलिकेत गेलेली कुणाला दिसत नाही. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला, पडल्याचा मार नसेल तर, डाव्या कुशीवरच न्यायचं. ड्रायव्हरलाही हे सगळं प्रशिक्षण द्या.

ऑक्सिजनचं गणित प्रत्येकाला तोंडपाठ हवं. दहा लिटर पाण्याच्या मापाचा बी टाइप सिलिंडर भरलेला असताना दाबाचा काटा १५० च्या आसपास असतो. १५० गुणिले १० म्हणजे १,५०० लिटर. मिनिटाला दहा लिटर दिला तर कागदावर १५० मिनिटं, पण ३० च्या खाली काटा जाऊ द्यायचा नाही, म्हणजे वापरायला १२० मिनिटं. काटा ७० वर असेल तर उरतात फक्त ४० मिनिटं, आणि तुमचा रस्ता पाऊण तासाचा आहे. घाटात ऑक्सिजन संपतो तो असाच. म्हणून काटा १०० च्या खाली आला की सिलिंडर बदलायचा, आणि रोज सकाळी काटा वहीत लिहायचा. सिलिंडर उघडायची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधा, ऐन वेळी ती हमखास सापडत नाही. झडपेला तेल-ग्रीस लावू नका, पेट घेण्याचा धोका असतो.

स्वतःची गाडी आली म्हणून १०८ सोडू नका. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो, तुमच्या गाडीत नसणार. फोन पहिला १०८ ला, दुसरा आपल्या ड्रायव्हरला. दोन्ही गाड्या एकमेकींच्या दिशेने निघाल्या तर वाटेत एखाद्या फाट्यावर रुग्ण डॉक्टरच्या हाती देता येतो. अशी दोन-तीन ठिकाणं आधीच ठरवा, जिथे मोबाइलला रेंज आहे आणि गाडी वळते. पण त्यांची गाडी पाच मिनिटांत येणार नसेल तर थांबायचं नाही, पुढे निघायचं. गरोदर बाई, बाळंतीण आणि वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी १०२ मोफत आहे, घरी परत सोडण्यासकट.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ रस्ता अपघातातल्या मदतगाराला संरक्षण देतं, पण मदत स्वेच्छेने आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेली हवी. म्हणून स्वयंसेवकांना ‘फेरीमागे मानधन’ सुरू करू नका. पेट्रोल, जेवण, रिचार्ज असा झालेला खर्च पावतीने द्या. सर्पदंश, हृदयविकार यांना हे कलम लागू नाही. तिथे बेशुद्ध माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आधार देतं. पगारी ड्रायव्हरची जबाबदारी मात्र नेमणाऱ्या संस्थेवर येते, म्हणून मंडळाची धर्मादाय नोंदणी आणि गाडीचा सर्वंकष विमा दोन्ही चालू ठेवा. ७,५०० किलोपर्यंतची गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनांच्या) लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. प्रत्येक स्वयंसेवकाला हिपॅटायटिस बीचे तीन डोस (आज, महिन्याने, सहा महिन्यांनी) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही उतरवा.

गाडी घेताना साधी व्हॅन घेऊन तिच्यात स्ट्रेचर टाकू नका. एआयएस-१२५ या ॲम्ब्युलन्स-बांधणीच्या मानकातली बी (रुग्ण वाहतूक) किंवा सी (प्राथमिक जीवरक्षण) प्रकारची मागा, आणि पैसे देण्याआधी तीच लांबी-रुंदीची गाडी तुमच्या सर्वांत अरुंद वाडीच्या वळणावर नेऊन पाहा.

पण गाडी शेवटी. या महिन्यात आशाताई आणि आरोग्य केंद्राच्या नोंदींवरून गेल्या बारा महिन्यांत तिन्ही गावांतून किती जणांना हलवावं लागलं ते काढा : तारीख, वेळ, वाडी, कशासाठी, कशातून नेलं. गणपतीत ग्रामसभा घ्या, ठराव करा, वर्षाच्या पावत्या फाडा. दिवाळीपर्यंत स्वयंसेवकांचं प्रशिक्षण आणि पिशव्या तयार होऊ द्या. त्यांना गाडीची वाट पाहायची गरज नाही, तोवर १०८ आहेच. तीन वर्षांच्या पगाराची हमी लेखी मिळाली आणि त्यातलं पहिलं वर्ष बँकेत जमा झालं, की शिमग्याच्या सुमाराला गाडी बुक करा. जमा झालं नाही, तर गाडीचे पैसे ठेवीत ठेवून व्याजावर प्रशिक्षण चालवा आणि गावातल्या दोन जीपवाल्यांशी रात्रीच्या फेरीचा दर ठरवून ठेवा.